कापड टांगणारा कारागीर

लेइमातुआ, वावाऊ
७ मार्च १९९३

लोसालिने,

आपल्याला आजच्या दिवसापर्यंत सुखरूप आणणाऱ्या देवाचे आधी आभार मानते. मागच्या पत्रात तू ते मानले नव्हतेस. एकदम "आत्या, कशा आहात?" असं लिहून मोकळी झालीस. आत्या कशी आहे ते नंतर, देव आधी.

आता बातमी. जुलैच्या शेवटी ऑकलंडला बेटांवरच्या मालाचं मोठं प्रदर्शन भरणार आहे आणि त्यात आमच्या गावच्या बायकांनी कुटलेलं झाडाच्या सालीचं कापड जायचं ठरलंय. सगळ्या वावाऊतून आमचंच निवडलं. सरकारी कागद आला, त्यात लिहिलंय की आमची जागा उभी करायचं काम तुमच्या कंपनीकडे आहे. लाकूड, रंग, लोखंड, सगळं म्हणे एकाच छपराखाली करतात. कंपनीचं नाव वाचलं आणि कागद खाली ठेवला. माझा भाऊ जिथे राबला तीच कंपनी.

तुझा बाप फिलिमोने गेल्याला पाच वर्षं झाली. त्या लोखंडाच्या धुरानं त्याला नेलं, डॉक्टर काही म्हणोत. त्याला इथे आणून पुरला तेव्हा तू मला शब्द दिला होतास, त्या कामाला हात लावणार नाही म्हणून. नंतर तू तिथेच नोकरीला लागलीस असं कळलं, तेव्हा दोन दिवस मला घास गेला नव्हता. मग तुझ्या आईनं फोनवर सांगितलं, "वन्सं, बसून काम आहे तिचं." बरं वाटलं. तुझं अक्षर चांगलं आहे, कचेरीत ठेवणारच.

तर कचेरीतून उठ आणि लोखंडवाल्याकडे जा. त्याला सांग: खिळा नको, चिमटा नको, भोक नको, दोरी नको. गंज तर दुरूनसुद्धा नको. गंजाचा डाग सालीतून निघत नाही. कापड आठ घरांचं आहे, घर म्हणजे एका बाईनं कुटलेला नक्षीचा एक पट्टा, आणि रुंदी एक वाव, दोन्ही हात पसरून होते तेवढी. घडी घालायची नाही. समजलं का विचार त्याला, आणि त्याच्याकडून परत म्हणवून घे.

तुझी आत्या,
मेलेनाइते

*

मांगेरे, ऑकलंड
२५ मार्च १९९३

आदरणीय आत्या,

देवाचे आभार. आधी मानलेत, बघा.

तुमचं कापड येणार हे वाचून आई स्वयंपाकघरातच रडायला लागली. मग कांदा होता म्हणाली. कांदा टोपलीत होता.

मी कारागिराला विचारलं. त्यानं सगळं परत म्हणून दाखवलं: खिळा नाही, चिमटा नाही, भोक नाही, दोरी नाही. त्याचं म्हणणं असं की कापड टांगायचंच नाही, पांघरायचं. मनगटाएवढा नव्हे, चांगला मांडीएवढा जाड गोल पाइप घ्यायचा, स्टेनलेस स्टीलचा, म्हणजे गंजाची भीती नाही. त्यावर मऊ लोकर गुंडाळायची आणि कापड त्यावरून दोन्हीकडे सोडायचं. पुढचं वजन मागच्या वजनाला धरून ठेवतं, पकडायची गरजच पडत नाही. पाइप जितका जाड तितकी सुरकुती कमी.

सांधे घासून इतके गुळगुळीत करू म्हणाला, की डोळे मिटून हात फिरवला तर सांधा कुठे आहे ते कळू नये.

लोसालिने

*

लेइमातुआ
१८ एप्रिल १९९३

लोसालिने,

देवाच्या कृपेनं ईस्टर पार पडला. पाद्र्याचं प्रवचन लांबलं आणि अळूत शिजवलेलं मांस थंड झालं, पण तो विषय वेगळा.

तुझं पत्र मी बायकांना वाचून दाखवलं. साल कुटताना एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी हात चालू ठेवायचा, अशी आमची पद्धत. "पांघरायचं" हा शब्द आला आणि सगळ्यांचे हात थांबले. आयुष्यभर आम्ही कापड मेलेल्यांवर, नवरीवर, राजावर पांघरत आलो. हे त्या परक्या मुलखातल्या माणसाला कसं कळलं?

कोण आहे हा? आपल्यातला आहे का? चर्चला जातो का? वय काय? लग्न झालंय का? तुला इतकं समजावून सांगतो म्हणजे तुझ्याशी बोलायला त्याला वेळ आहे असं दिसतं. तू चोवीस वर्षांची झालीस. मी तुझी आत्या आहे, विचारायचा हक्क माझा आहे, तुझ्या आईचासुद्धा नाही.

कापड आता वीस घरांचं झालंय. बायकांना उत्साह आला, काय करू? एकेक घर हात-सव्वा हाताचं. कडेला आकडे घातलेत, म्हणजे कितवं घर ते लांबून वाचता येईल. सगळी वीस दिसली पाहिजेत. एकाही बाईचं घर मागे लपलं तर मला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

कारागिराला माझा नमस्कार.

आत्या

*

मांगेरे
९ मे १९९३

आदरणीय आत्या,

देवाचे आभार, आणि तुमच्या बायकांच्या उत्साहाचेही, तो जरा कमी झाला असता तरी चाललं असतं.

आमची जागा अडीच मीटर उंच. त्यात चार घरं दिसतात, फार तर पाच. कारागीर दोन दिवस कागदावर रेघा ओढत बसला. आमचा मुकादम डेस, तोच, बाबांचा जुना सोबती, येऊन म्हणाला, "वीसपैकी पाच दाखव, बाकी फोटो लाव." कारागिरानं ऐकलं नाही.

मग सुचलं. वर एक रूळ, खाली एक रूळ. कापड खालच्यावर गुंडाळलेलं, वरचा रूळ फिरवला की ते हळूहळू वर चढतं. बाजूला हँडल, आत सायकलची साखळी. येणाऱ्या माणसानं स्वतः फिरवायचं, म्हणजे एकेक घर त्याच्यासमोरून जाईल. कुणी घाईनं फिरवलं तरी कापडाला हिसका बसू नये म्हणून साखळीच्या चक्रांचे दात असे निवडलेत की हँडल चार वेळा फिरलं तर रूळ एकदा फिरेल. हे सगळं आमच्याच कारखान्यात होणार. बाहेरून चौकट आणायची म्हटली असती तर दर पत्राला नवी आणावी लागली असती.

तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं. आपल्यातलाच आहे. चर्चला जातो. गातो, पण बेसूर. लग्न झालेलं नाही. वय माझ्याएवढंच. माझ्याशी बोलायला त्याला पुष्कळ वेळ असतो.

आता कृपा करून वीसच राहू द्या.

लोसालिने

*

लेइमातुआ
६ जून १९९३

लोसालिने,

देवाचे आभार, आणि आज जरा जास्तच.

मी स्वतः येतेय. गावानं ठरवलं की कापडाबरोबर कुणीतरी हवं आणि माझ्याशिवाय कुणाचं नाव घ्यायची कुणाची छाती झाली नाही. दहा जुलैला बोटीनं निघेन, नुकुअलोफाला चुलत बहिणीकडे आठवडाभर, मग विमान. तुमच्याकडे थंडी असते म्हणे. आईला सांग, माझ्यासाठी घरात चूल पेटती ठेव.

कारागिरासाठी एक चटई विणायला घेतली आहे, कमरेला गुंडाळायची, बारीक विणीची. अशी मी कुणासाठीही विणत नाही. मी खूप विचार केला. लोखंडाच्या कामावर माझा राग आहे, तो जायचा नाही. पण जो माणूस डोकं खाजवत बसून शेवटच्या बाईचं शेवटचं घर दिसावं म्हणून धडपडतो, त्याच्यावर राग धरता येत नाही. बेसूर गातो हे मात्र तू आधी सांगायला हवं होतंस. तुझा बापही बेसूर गायचा. कोरसमध्ये मी त्याला कोपरानं ढोसत असे, हळू गा म्हणून.

आल्यावर पहिलं काम, त्याला भेटणं. त्याला सांग, घाबरू नकोस. किंवा थोडा घाबर.

आत्या

*

मांगेरे
४ जुलै १९९३

आत्या,

देवाचे आभार, आणि त्याच्याकडे थोडी हिंमतही मागते.

तुम्ही यायच्या आधी हे कळवायला हवं. कारागीर मीच आहे.

तुमची चेष्टा करायची नव्हती. पहिल्या पत्रात "कारागिराला विचारलं" असं लिहिलं, कारण "मी" लिहायचा धीर झाला नाही. मग तुम्ही त्याला नमस्कार पाठवलात. पाच वर्षांत माझ्या कामाला तुमच्याकडून आलेला तो पहिला नमस्कार होता. तो परत करवला नाही.

बाबांना पुरून आम्ही परत आलो, त्यानंतर त्यांचं सामान आणायला आई मला पाठवत होती. दोन आठवडे मी टाळलं. गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर एका चपलांच्या दुकानाची मांडणी अर्धी उभी होती. डेसनं कुणाला हात लावू दिला नव्हता. मी सामान पिशवीत भरलं, आणि मग तिथेच स्टुलावर बसले. डेस म्हणाला, "उरलेलं कसं जोडायचं ते बघायचंय?" मी हो म्हटलं. तुम्हाला दिलेला शब्द तेव्हा आठवत होता. विसरले होते असं खोटं सांगणार नाही.

आई म्हणाली ते खरंच आहे, बसून काम आहे. ती तेवढंच बोलली, कारण तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत.

रागवायचं असेल तर इथे आल्यावर रागवा. पण या. चौकट तयार आहे.

लोसालिने

*

मांगेरे
८ ऑगस्ट १९९३

आदरणीय आत्या,

देवाचे आभार, तुम्ही सुखरूप पोचलात असं चुलत आत्याच्या फोनवरून कळलं.

निघताना विमानतळावर तुम्ही आईच्या गालाचा मुका घेतलात, माझ्याही घेतलात, आणि एक शब्द बोलला नाहीत. पहिल्या सकाळनंतर प्रदर्शनाचे चारही दिवस बोलला नव्हता. आलात त्या दिवशी तुमच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं, माझं पत्र तुमच्या हाती पडलेलं नाही. "कुठाय तो?" विचारलंत आणि मी म्हणाले, "कामात आहे." तोंडावर सांगायचं होतं. नाही जमलं.

म्हणून प्रदर्शनाच्या त्या पहिल्या सकाळचं माझ्या बाजूनं लिहिते.

मी सणाचे कपडे घालून उभी होते. आठ वाजले होते, दहाला दारं उघडायची होती. तुम्ही हँडल फिरवलंत आणि विसाव्या घराशी कापड अडकलं. वरचा रूळ फुगून चौकटीला घासायला लागला होता. मी बोटभर जागा सोडली होती. मग मी आकडे मोजले, तर बावीस. तुम्ही म्हणालात, "दोन घरं मी एकटीनं कुटली. जरा जाड झालीत." कुणासाठी ते सांगितलं नाहीत आणि मला विचारायची गरज पडली नाही. एकविसाव्या घरात बाबांचं नाव होतं.

तुम्ही आवाज चढवलात, "बोलवा त्या कारागिराला!" आणि डेस, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "अहो बाई, ती काय तुमच्या समोर उभी आहे."

त्यानंतर मी तुमच्याकडे बघितलं नाही. गुडघ्यावर बसून पान्यानं रूळ सोडवला, वरची पट्टी काढली. डेसनं गाडी काढली. तुम्ही न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसलात, मांडीवर पर्स घेऊन. कारखान्यात मी सणाच्या कपड्यांवरच एप्रन चढवला, रूळ ज्यांवर बसतो त्या दोन्ही बैठका कापून दोन बोटं पुढे जोडल्या, सांधे घासले. तुम्ही डेसचा जोडकामाचा, काळ्या काचेचा मुखवटा तोंडावर धरून भिंतीशी उभ्या होतात. साडेदहाला कापड पुन्हा चढलं. अर्धा तास उशीर झाला. एकविसावं घर वर आलं तेव्हा तुम्ही हँडल सोडून तोंड फिरवलंत.

तुम्हाला वाटतं बाबांना त्या लोखंडानं नेलं. आत्या, धुराचं मला माहीत नाही. डॉक्टर हृदय म्हणाले. पण एक गोष्ट मला माहीत आहे, ती तुम्हाला कुणी सांगितली नसेल.

मी सहा वर्षांची होते. बाबांनी क्वीन स्ट्रीटवरच्या एका कपड्यांच्या दुकानासाठी पहिल्यांदा एकट्यानं काम केलं होतं, कपडे अडकवायचा वळणदार दांडा. रविवारी चर्च सुटल्यावर त्यांनी आम्हाला घरी नेलंच नाही. कमरेला चटया, हातात बायबल, आईच्या डोक्यावर टोपी, असे आम्ही सगळे बसनं शहरात गेलो. रविवार, दुकान बंद. आम्ही काचेला नाक लावून उभे. आई म्हणाली, "काय सुंदर झगा आहे!" बाबा म्हणाले, "झगा नको बघूस गं, दांडा बघ! सांधा शोधून दाखव." आम्ही शोधला. सापडला नाही. ते इतके हसले की रस्त्यावरची माणसं थांबली. मग त्यांनी तिथेच, भर रस्त्यात, सकाळचं भजन पुन्हा म्हटलं. बेसूर, आणि ढोसायला कुणी नव्हतं.

त्यानंतर कितीतरी रविवार आम्ही असेच बंद दुकानं बघत फिरलो. चष्म्यांचं, चपलांचं, एकदा तर मासे विकणाऱ्याचं. "हे माझं. ते पण माझं."

ते इथे दुःखी नव्हते, आत्या. मी दोन्ही हातांनी शब्द देते, हा मोडणार नाही.

चटई तुम्ही न्यायला विसरलात. आईच्या पलंगावर ठेवली आहे. परत पाठवू का?

लोसालिने

*

लेइमातुआ
१२ सप्टेंबर १९९३

लोसालिने,

आपल्याला इथवर आणणाऱ्या देवाचे आभार.

घरी आले तर तुझं जुलैचं पत्र उशीखाली होतं. शेजारणीनं ठेवलेलं. आधी ते वाचलं, मग पंधरा दिवसांनी दुसरं आलं. दोन्ही मी बायकांना वाचून दाखवली नाहीत.

मी बोलले नाही ते रागानं नव्हे. राग असता तर ऑकलंडच्या निम्म्या लोकांना ऐकू गेलं असतं, तू मला ओळखतेस. त्या काळ्या काचेतून मी बघत होते आणि मला तू दिसत नव्हतीस. वाकलेली पाठ दिसत होती, आणि निळा उजेड. मान डावीकडे कलती. त्याची अशीच कलायची, लहानपणी जाळं दुरुस्त करतानासुद्धा. आवाज काढला असता तर मी तिथे भिंतीशी बसून रडले असते आणि तुझा हात हलला असता. सांधा बिघडला असता.

आता मी सांगते ते कुणाला माहीत नाही. तुझ्या आईलाही नाही.

फिलिमोनेला जायचं नव्हतं. त्याला इथे कोनफळं लावायची होती, बोट घ्यायची होती. वडील गेले होते, घराचं छप्पर उडालं होतं, धाकट्यांची शाळा होती. मी थोरली बहीण. मी म्हणाले, "तू जा." तो म्हणाला, "तायडे, मला तिथे काय येणार?" मी म्हणाले, "शिकशील." आमच्यात बहिणीचा शब्द मोडत नाहीत. धक्क्यावर तो मागे वळून बघत नव्हता आणि मी म्हटलं बरंय, वळला असता तर मी हाक मारली असती. छप्पर झालं. शाळा झाल्या. त्याची शवपेटी आली.

लोखंडावर राग धरला म्हणजे स्वतःवर धरावा लागत नाही. पाच वर्षं मी तेच केलं. तुझ्याकडून शब्द घेतला तोसुद्धा त्यातूनच. तो शब्द मी परत घेते. देणारीचा तो नव्हताच, मागणारीचा होता.

त्याची पत्रं यायची, "सगळं ठीक आहे." प्रत्येक पत्रात तेवढंच. ठीक आहे म्हणजे काय, हे मी अठरा वर्षं स्वतःला विचारत होते. तुझं पत्र वाचून कळलं. तो रस्त्यावर हसला. एवढंच मला हवं होतं, पोरी. मी ते पत्र घेऊन त्याच्या थडग्याशी जाऊन बसले आणि मोठ्यानं वाचलं, बायबल वाचतात तसं. मासेवाल्याच्या दुकानापाशी आले तेव्हा मलाही हसू फुटलं. वाटेनं जाणारी पाद्र्याची बायको घाबरली.

चटई विसरले नव्हते. ज्याच्यासाठी विणली होती त्याच्याकडे सोडून आले. सणाच्या दिवशी गुंडाळ. एप्रनखाली नको.

आता काम. त्याच्या थडग्यामागे आम्ही आपल्या रीतीप्रमाणे गोधडी ताणून उभी केली आहे, गडद लाल, मध्ये पांढरं फूल. लाकडी चौकट दर वादळात आडवी होते, यंदा दोनदा झाली. समुद्र जवळ आहे, हवा खारट आहे, त्याप्रमाणे पोलाद निवड. रुंदी एक वाव आणि दोन वीत, उंची माझ्या खांद्यापर्यंत. पाय वाळूत रोवायचे आहेत, खोल घे. बोटीनं पाठवू नकोस. तुकडे घेऊन ये आणि इथे जोड.

जोडायला वीज लागते, ते मी तिथे पाहिलं. गावात ती अजून रडतखडतच येते, पण मिशनच्या शाळेत वीज करायचं यंत्र आहे. मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि म्हणाले, नाताळात तीन दिवस ते मला लागणार. त्यांनी विचारलं, "वेल्डर कुठून आणणार?"

मी म्हणाले, "आणायचा कशाला? आमच्या घरात आहे."

तुझी आत्या,
मेलेनाइते